अझेलियाचा एप्रिल जुलैतच ठरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेरीलँडमध्ये दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, १९८० च्या सुमारास बांधलेलं लाल विटांचं घर. समोरच्या खिडक्यांखाली अझेलियाची सात जुनी झुडपं. पहिल्या वर्षी एप्रिलअखेरीस ती इतकी फुलली की पान म्हणून दिसत नव्हतं. मग बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आणि दसरा झाल्यावर, गुलाबाची करतात तशी, त्यांनी सातही झुडपांची नीट छाटणी केली. यंदा मे उजाडला तरी एखाददुसरं फूल सोडलं तर झुडपं नुसती हिरवी. त्यातल्या भिंतीलगतच्या दोघांची पानं पिवळी पडली आहेत. शेजारी म्हणतात, खत घाला. तर खत घालू की सगळी काढून नवी लावू? आणि हेच झाड आईला पुण्याच्या गच्चीत लावता येईल का?

आधी मनावरचं ओझं उतरवते. झुडपं मेलेली नाहीत आणि काढायची तर मुळीच नाहीत. घराच्या वयावरून ती तीस-चाळीस वर्षांची असावीत. एवढं वाढलेलं झुडूप नर्सरीत विकत मिळत नाही. बाबांच्या कात्रीनं झाडाला काही इजा झालेली नाही. फक्त यंदाची फुलं गेल्या ऑक्टोबरातच कापली गेली.

खात्री करायची असेल तर आत्ता अंगणात जा आणि जी दोनचार फुलं आली आहेत ती कुठल्या काडीवर आहेत ते बघा. झुडपाच्या पोटात, किंवा भिंतीच्या बाजूला, किंवा अगदी जमिनीलगत, म्हणजे जिथं कात्री पोचली नव्हती तिथं ती असतील. बाहेरच्या सगळ्या काड्यांच्या टोकाला जुना काप दिसेल आणि त्याच्या खालून कोवळे फुटवे निघालेले दिसतील.

बाबांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. महाराष्ट्रात पाऊस सरला की गुलाब छाटायचा, हे शंभर टक्के बरोबर आहे. गुलाब नव्या फुटीवर फुलतो. छाटला, फूट आली, दीड-दोन महिन्यांत फूल. अझेलियाची चाल वेगळी आहे. मी शिकले दापोलीला आणि गेली सत्तावीस वर्षं मेरीलँडमध्ये लोकांच्या बागा सांभाळते आहे. अझेलिया मला इथल्या पुस्तकांनी शिकवण्याआधी हापूसनं शिकवली होती. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला ठाऊक असतं की मोहोर येतो तो पिकलेल्या, जून झालेल्या काडीला. ज्या काडीला उशिरा पालवी फुटते ती त्या वर्षी मोहोरत नाही. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना तर हे याहून लवकर कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी येते, तिच्या डोळ्यात भर उन्हाळ्यातच घड धरतो. ऑक्टोबर छाटणी त्याला फक्त बाहेर काढते. फरक एवढाच की द्राक्षात घड काडीच्या मधल्या डोळ्यांत असतो, म्हणून शेंडा कापला तरी चालतं. अझेलियाची कळी नेमकी शेंड्यावर बसते. शेंडा गेला की फूल गेलं.

या झाडाचं वर्ष कसं चालतं ते एकदा मनात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मे महिन्यात फुलं गळतात. गळता गळताच त्यांच्या देठाखालून तीन-चार कोवळे धुमारे निघतात. जूनभर ते लांबतात. मग वाढ मंदावते, काडी तपकिरी आणि कडक व्हायला लागते, आणि जुलै-ऑगस्टच्या उन्हात तिच्या शेंड्यावर पुढच्या वर्षाची कळी धरते. सप्टेंबरात बोटांनी चाचपून बघा. पानाची कळी बारीक, टोकदार लागते आणि फुलाची जाडसर, पोटुशी. त्या एका कळीत दोन-तीन, कधी चार फुलं घडी घालून ठेवलेली असतात. पुढे तिला थंडी लागते. हिवाळ्याचा गारठा खाल्ल्याशिवाय ती नीट जागी होत नाही. मग एप्रिलमध्ये ती उघडते आणि आपण म्हणतो, वसंत आला. झाडाच्या लेखी त्याला नऊ महिने झालेले असतात.

म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना मी छाटणीची एकच तारीख सांगते. फुलं सुकल्यापासून तीनेक आठवडे हा उत्तम काळ, म्हणजे आपल्याकडे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. जून संपेपर्यंत चालवून घेता येतं. चार जुलैची आतषबाजी झाली की अझेलियाला कात्री नाही, ती थेट पुढच्या मेपर्यंत.

यंदा मात्र तुमच्या झुडपांना छाटू नका. ऑक्टोबरात सगळे शेंडे गेल्यामुळे ती आता जोमानं फुटवे काढत आहेत. त्यांना काढू द्या. एखादा धुमारा फारच उंच, एकटा पळत असेल तर जूनमध्ये त्याचा कोवळा शेंडा नखानं खुडा. तिथून दोन-तीन फाटे फुटतील आणि प्रत्येकावर कळी धरायला अजून वेळ राहील. बाकी या उन्हाळ्यात तुमचं काम पाण्याचं. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा आठवड्याला साधारण एक इंच पाणी मुळांना मिळालं पाहिजे. लोक एप्रिलमध्ये फुलांकडे बघून झाडाला पाणी घालतात आणि ऑगस्टमध्ये सुट्टीवर जातात. खरी तहान ऑगस्टात असते.

छाटायची वेळ येईल तेव्हा विजेची कुंपण-कातरी वापरू नका, हे मी हात जोडून सांगते. आपल्या भागातल्या निम्म्या घरांसमोर अझेलियाचे चौकोनी खोके किंवा गोल उशा करून ठेवलेल्या असतात. वरवर कापल्यानं बाहेर काड्यांचं दाट कवच तयार होतं, आत उजेड जात नाही, आतली पानं झडतात, आणि फुलं आली तरी रंगाचा एक पातळ पत्रा ठोकल्यासारखी दिसतात. अझेलियाची मूळ ठेवण थरांची आहे. फांद्या एकावर एक आडव्या तरंगतात, मध्ये सावलीच्या फटी राहतात, आणि फुलं त्या थरांवर बसतात. सौंदर्य त्या फटींमुळे आहे. साधा सिकेटर, म्हणजे छाटणीची हातकात्री, घ्या, हात झुडपाच्या आत घाला आणि लांब झालेली फांदी तिच्या जोडापर्यंत मागे नेऊन कापा. काप बाहेरून दिसता कामा नये. काम झाल्यावर बघणाऱ्याला कळू नये की छाटणी झाली आहे.

एखादं झुडूप खिडकी झाकायला लागलं असेल तर दरवर्षी सर्वांत जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश जमिनीजवळून काढत तीन वर्षांत ते नवं करता येतं. सगळं एकदम फूटभर उंचीवर आणणंही निरोगी झाडाला सोसतं, ते हिवाळा सरता सरता करायचं. पण फुलांची एक-दोन वर्षं जातात. मी सहसा पहिली वाट धरते.

इथं थोडी थांबते, कारण पत्रात तुम्ही लिहिलं आहे की ही झाडं ‘सगळ्यांकडे असतात’ म्हणून तुम्ही कधी त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पुढच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात, नॅशनल आर्बोरेटममध्ये, एक सकाळ काढा. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. चेरीचा बहर बघायला येणारी गर्दी तोवर ओसरलेली असते. तिथल्या माउंट हॅमिल्टन नावाच्या टेकडीच्या उतारावर उंच ओकवृक्षांखाली हजारो अझेलिया आहेत. ओकला तेव्हा नुकती पोपटी पालवी फुटत असते, त्यामुळे ऊन गाळून येतं. मधूनमधून डॉगवुडची पांढरी फुलं अधांतरी. आणि खाली, गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत, गुलाबी, शेंदरी, पांढरा, जांभळा, किरमिजी. वाट वळते तसा रंग बदलतो. मी दरवर्षी जाते आणि दरवर्षी पहिल्या वळणावर माझे पाय आपोआप थांबतात.

ती टेकडी बेंजामिन मॉरिसन यांच्या कामातून उभी राहिली. ते त्या उद्यानाचे पहिले संचालक. त्यांच्यासमोरची अडचण आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना चटकन समजेल. दक्षिणेत, चार्ल्सटनकडे, मोठ्या फुलांच्या ज्या अझेलिया १८४० च्या दशकापासून बागांमध्ये फुलत होत्या, त्या वॉशिंग्टनच्या थंडीत टिकत नसत. थंडी सोसणाऱ्या होत्या त्यांची फुलं लहान. मॉरिसन यांनी मेरीलँडमधल्याच ग्लेन डेल इथल्या सरकारी रोपकेंद्रावर वर्षानुवर्षं संकर केले आणि मोठं फूल, थंडीचा काटकपणा आणि एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत लांबणारा हंगाम हे एकत्र आणलं. त्यातून ४५४ वाण नाव देऊन बाहेर पडले. त्यांना आजही ग्लेन डेल अझेलिया म्हणतात. निवडीत ज्यांना नाव मिळालं नाही ती रोपं फेकून न देता १९४६-४७ च्या सुमारास या टेकडीवर लावली गेली, आणि १९४९ च्या वसंतात त्यांचा बहर पाहता यावा म्हणून उद्यानाची दारं पहिल्यांदा लोकांना उघडली. २०१० मध्ये पैशांच्या चणचणीमुळे ही बिननावाची झाडं काढायचा बेत जाहीर झाला होता. लोकांनी इतका विरोध केला, देणगीही उभी राहिली, की बेत मागे पडला. नाव मिळालेले वाण बघायचे असतील तर वर विटांच्या भिंतींची मॉरिसन बाग आहे. तिथं पाट्या वाचत फिरा. पण मन भरतं ते खालच्या उतारावर.

एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर मॉन्टगोमेरी काउंटीत ब्राइटन डॅमजवळ पाचेक एकरांची अझेलिया बाग आहे. झाडं वीस हजारांवर. आईबाबांना घेऊन जायला तीच बरी, चढ कमी.

आता पिवळ्या पानांचं. इथं दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि उपाय अगदी निराळे आहेत, म्हणून आधी पान तोडून हातात घ्या.

पान पिवळं पण शिरा हिरव्या, आणि हे नव्या पानांवर जास्त, असं असेल तर मातीचा सामू (पीएच) चढला आहे. अझेलियाला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण ४.५ ते ६. त्यावर गेला की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. मेरीलँडची आपली चिकणमाती मुळात आम्लधर्मीच आहे, मग नेमकी भिंतीलगतचीच दोन झुडपं का पिवळी? कारण पायाचं काँक्रीट. पावसाचं पाणी त्यावरून झिरपताना चुना घेऊन मातीत उतरतं. शिवाय घर बांधताना उरलेला सिमेंट-वाळूचा मलबा भिंतीच्या बुडाशीच गाडलेला असतो. त्यात भर म्हणजे हिरवळ सांभाळणारे लोक दरवर्षी लॉनवर चुना फेकतात आणि त्यातला थोडा वाफ्यात जातो. त्यांना वाफ्यापासून चार फूट लांब राहायला सांगा.

उपाय करण्याआधी माती तपासून घ्या. नमुना प्रयोगशाळेला पोस्टानं पाठवता येतो, खर्च फार नसतो. अहवालात सांगतील त्या मापानं साध्या गंधकाची भुकटी वरून पसरा. तिचा परिणाम दिसायला महिने लागतात, तो सबुरीचाच उपाय आहे. तोवर पानं फारच फिकी असतील तर चिलेटेड लोहाचा फवारा रंग परत आणतो, पण तो तात्पुरता. ताक, लिंबूपाणी, व्हिनेगर, उरलेली कॉफी यातलं काही ओतू नका. ताकानं सामू बदलत नाही, माश्या येतात.

पान वरून पिवळट-पांढरं, सुईनं टोचल्यासारखं बारीक ठिपक्यांचं दिसत असेल आणि उलटवल्यावर खाली डांबराचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके असतील, तर तो लेस बग. जाळीदार पंखांचा हा बारीक किडा जपानहून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं आला आणि रस शोषतो. त्याची अंडी हिवाळाभर पानाच्या आतच असतात. ऊन जितकं जास्त तितका तो जास्त, म्हणून भर दुपारचं ऊन झेलणाऱ्या झुडपांवर आधी दिसतो. पिल्लं मेमध्ये असतात, त्यांना अजून पंख नसतात. नळीच्या जोरदार धारेनं पानांची खालची बाजू धुऊन काढा, आठवड्यातून दोनदा. भागलं नाही तर बागेसाठीचं साबणाचं द्रावण पानांच्या खालून फवारा. कडक विषारी कीटकनाशक मी वापरत नाही. ते या किड्याला खाणारे कोळी आणि शिकारी किडे आधी मारतं, आणि फुलांवर भुंगे येतात ते वेगळंच.

आणखी एक, म्हणजे ऑक्टोबरात घाबरायला नको. आपल्याकडच्या सदाहरित अझेलियाला दोन प्रकारची पानं येतात. वसंतातली मोठी, पातळ पानं शरदात पिवळी होऊन झडतात. उन्हाळ्यात आलेली लहान, जाड पानं हिवाळा काढतात. तेव्हा आतली पानं गळली तर तो झाडाचा रिवाज आहे.

खताचं उत्तर एका शब्दात: नको. फुलं न येण्याचं कारण भूक नाही. लॉनचं नायट्रोजनवालं खत घातलंत तर पानं लुसलुशीत येतील, लेस बगची चंगळ होईल आणि उशिरा फुटलेली कोवळी काडी पहिल्या कडाक्यात काळी पडेल. अझेलियाची मुळं केसासारखी बारीक आणि वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात, त्यांना खताचा डोस पोळतो. तिला हवा असतो कुजणारा पालापाचोळा. पाइनच्या सुया किंवा पाइनच्या सालीचा चुरा, दोन-तीन इंच, खोडापासून जरा दूर. दरवर्षी थोडी भर. खोडाला टेकून डोंगर रचू नका. आणि त्या जागेत खुरपं चालवू नका, तण हातानं उपटा.

हरणांचं तुम्ही काही लिहिलं नाही, तरी एक नजर टाका. यंदा पूर्ण दोष छाटणीचा दिसतो. पण पुढच्या वर्षी झुडूप चार फुटांच्या वर फुललं आणि खाली कोरडं राहिलं, तर जानेवारी-फेब्रुवारीत हरणांनी कळ्या खाल्ल्या असं समजा. अझेलियाची फुगलेली कळी त्यांना हिवाळ्यात आवडते. दुरून न दिसणारी बारीक काळी जाळी नोव्हेंबरात टाकायची, मार्चअखेर काढायची.

जुनी झाडं काढून नवी लावण्याऐवजी, शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात दोन-तीन नवी लावा असं मी सुचवेन. तुमच्या सात झुडपांचा बहर दोन आठवड्यांत संपतो. निवड नीट केलीत तर तो दोन महिने ताणता येतो. एप्रिलच्या मध्याला ग्लेन डेलमधली ‘डेस्प्रिंग’, मध्ये पांढरट आणि कडेला गुलाबी. मग कुरुमे प्रकारातली ‘कोरल बेल्स’. ही जपानच्या कुरुमे गावची, तिकडे तिचं नाव ‘किरिन’. देशोदेशी झाडं शोधत फिरणारे अर्नेस्ट विल्सन यांनी १९१८ मध्ये तिथं जाऊन निवडलेल्या पन्नास वाणांमुळे हा गट अमेरिकेत माहीत झाला. फूल लहान, पण एका फांदीवर किती याला मोजदाद नाही. मे महिन्यात ‘मार्था हिचकॉक’, पांढऱ्या पाकळीला जांभळट-किरमिजी काठ, अगदी नऊवारीच्या काठासारखा रुंद. मेअखेर ते जून ‘गुम्पो’, गुडघ्याइतकीच वाढणारी. सीमेपलीकडे पेन्सिल्व्हेनियात स्ट्युअर्ट्सटाउनला जोसेफ गेबल यांनी कडक थंडी सोसणारे वाण घडवले, त्यातली ‘रोजबड’ दुहेरी फुलांची आहे, छोट्या गुलाबासारखी. बाबांना ती आवडेल.

रंगाबद्दल माझं ठाम मत सांगते. घर लाल विटांचं आहे. त्यापुढे लाल किंवा शेंदरी अझेलिया हरवते आणि गर्द किरमिजी भांडते. पांढरी आणि फिकी गुलाबी घ्या. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, बाकीचे रंग विझल्यावर, पांढरी अझेलिया अर्धा तास एकटी उजळत राहते. तिची एक खोड आहे, सुकलेली फुलं तपकिरी होऊन झाडावर दिसत राहतात. मी ती सोसते.

इथली मूळची, पानगळीची अझेलियाही एखादी लावा, कोपऱ्यात. पिंक्सटर एप्रिलमध्ये, पानं यायच्या आत, लांब पुंकेसरांची फिकी गुलाबी फुलं देते. दलदलीतली पांढरी जूनमध्ये, सुवासिक. आणि कधी दक्षिणेला गेलात तर ज्वालेसारख्या केशरी अझेलियासाठी स्मोकी पर्वतातला ग्रेगरी बॉल्ड जूनच्या उत्तरार्धात बघा. चढण मोठी आहे, पण वरच्या उघड्या माळावर पिवळ्यापासून लालपर्यंत सगळ्या छटा एकत्र दिसतात.

लावताना सकाळचं ऊन, दुपारची सावली अशी जागा, आणि भिंतीपासून किमान तीन-चार फूट लांब. कुंडीतून काढल्यावर मुळांची हुंडी घट्ट गुंडाळलेली दिसेल. ती बोटांनी किंवा सुरीनं चार बाजूंनी सोडवा, नाहीतर मुळं वर्षानुवर्षं त्याच गोळ्यात फिरत राहतात. हुंडीचा माथा जमिनीच्या इंच-दीड इंच वर ठेवा. खोल लावलेली आणि पाणी साचलेली अझेलिया मुळं कुजून मरते, आणि माझ्या अनुभवात इथं जितकी झाडं जातात त्यातली बहुतेक अशीच जातात.

राहिला आईचा प्रश्न. उत्तर नाही असं आहे, आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पुण्याची काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, एप्रिल-मेचं ऊन चाळिशीला टेकणारं, आणि कळीला जागं करणारा दीर्घ गारठा नाही. डोंगराळ भागातून आलेली फुललेली कुंडी नर्सरीत कधी दिसते, ती महिनाभराची पाहुणी समजून आणावी. काही जुन्या वाणांच्या नावात ‘इंडिका’ किंवा ‘इंडियन’ असतं, त्यावर जाऊ नका. त्या काळी युरोपात पूर्वेकडून आलेल्या कशालाही तसं म्हणत; ज्यांना ‘इंडियन अझेलिया’ म्हणतात त्या मुख्यतः चीनच्या जातीपासून बेल्जियममध्ये घडवलेल्या आहेत. भारतात अझेलिया सुखानं राहते ती दार्जिलिंग, कालिम्पाँग, गंगटोक, शिलाँगच्या बागांमध्ये. तिची थोरली बहीण म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडचा बुरांश. वनस्पतिशास्त्रात दोघी एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) मोडतात. बहुतेक अझेलियांच्या फुलात पाच पुंकेसर असतात, ऱ्होडोडेंड्रॉनला दहा किंवा जास्त, एवढं मोजून ओळखता येतं. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत ती नाही, पण त्याच डोंगररांगेच्या दक्षिणेला निलगिरी आणि मुन्नारच्या उंच माळांवर लाल फुलांची आहे. आईला गच्चीत रंगाचा तसाच पूर हवा असेल तर पुण्याच्या उन्हात बोगनवेल लावा. रोप सामानात घालून नेण्याचा विचार तर नकोच, त्याला परवाने लागतात आणि विमानतळावर ते काढून घेतील.

बुरांशचं नाव निघालं म्हणून एक सावधगिरी. उत्तराखंडात बुरांशच्या फुलांचं सरबत करतात, ते पिऊन आलेले लोक विचारतात की अंगणातल्या अझेलियाचं करू का. करू नका. अझेलियाच्या पानांत, फुलांत, मधातसुद्धा ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. उलट्या होतात, नाडी मंदावते. देवाला वाहायला, परडीत ठेवायला हरकत नाही, पण लहान मूल आणि कुत्रा-मांजर यांच्या तोंडात जाऊ देऊ नका. शेजाऱ्यांकडे शेळ्या असतील तर छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे टाकू नका.

तर या आठवड्यात माती पाठवा आणि पानं उलटून बघा. जूनमध्ये पळणारे शेंडे खुडा. ऑगस्टमध्ये पाणी. सप्टेंबरात एका सकाळी शेंडे चाचपा आणि पोटुश्या कळ्या किती लागतात ते मला कळवा. तेवढ्यावरून पुढचा एप्रिल कसा जाईल ते मी सांगू शकेन. आणि बाबांचं पुढचं तिकीट ऑक्टोबरच्या ऐवजी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याचं काढा. त्यांना आधी फुलं बघू दे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, शेवटची पाकळी गळल्यावर, सिकेटर त्यांच्याच हातात द्या. गुलाब छाटणाऱ्याचा हात आहे, जोड कुठं ते त्यांना दाखवावं लागणार नाही.